मुलांचा घोळणा फुटणे – रात्री अचानक नाकातून रक्त आलं तर तुम्ही काय करता?

सायली_चंद्रपूर
३ मे, रात्री १:५२

झोप उडालीये म्हणून आत्ताच लिहितेय. मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. साडेबाराच्या सुमाराला "आई नाक वाहतंय" म्हणून उठला, मी अंधारातच ओढणीने पुसलं, हाताला चिकट लागलं म्हणून लाइट लावला तर ओढणी, उशीचा अभ्रा, त्याचा बनियन सगळं लाल. मी किंचाळलेच, मी किंचाळले म्हणून तो घाबरून रडायला लागला आणि रडला तसं रक्त अजूनच वाढलं. सासूबाई धावत आल्या, त्यांनी त्याला मान मागे टाकून आडवा केला, टाळूवर गार पाणी थापलं, कांदा फोडून नाकाशी धरला. नवरा नाईट शिफ्टला, घरात आम्ही दोघीच. दहा-पंधरा मिनिटांनी थांबल्यासारखं वाटलं आणि तेवढ्यात त्याला उलटी झाली, काळपट लाल, मधे गुठळ्या. ती उलटी बघून माझे हातपायच गळाले हो. आता झोपलाय शांत, श्वास नीट आहे, मी नुसती बघत बसलीये.

पंधरा दिवसांत ही तिसरी वेळ. आमच्याकडे सध्या ४५ चं ऊन आहे, रात्रभर कूलर चालू असतो. आई म्हणतात उष्णता झाली, सब्जा दे, थंड दे. हे खरंच उष्णतेचं असतं का? कूलर बंद करू का? आणि उलटीत रक्त आलं म्हणजे पोटात काही झालंय का? प्लीज कोणी जागं असेल तर सांगा.

ओवीची_आई
३ मे, रात्री २:१०

सायली, मी जागी आहे गं, धाकटीचं फीड चालू आहे. आधी एक ग्लास पाणी पी. आता थांबलंय, मूल शांत झोपलंय, तर आत्ता पळापळ करायची गरज नाही, एका कुशीवर झोपव आणि उशी जरा उंच कर. परत आलं तर बसवायचं, मान पुढे झुकवायची आणि नाक चिमटीत धरायचं. माझ्या मोठीला तीन ते सहा वर्षांपर्यंत दर उन्हाळ्यात व्हायचं. उलटीचं डॉक्टर लोक नीट सांगतील पण आमच्याकडेही झाली होती, गिळलेलं रक्त होतं ते. सकाळी मात्र डॉक्टरांना फोन कर, तीन वेळा झालंय ना.

आजीची_गोधडी
३ मे, सकाळी ६:३५

सायली बाळा, घाबरू नकोस. माझी तीन मुलं याच्यातूनच मोठी झाली, आम्ही तेव्हा अकोल्याला होतो, मे महिन्यात एक दिवस असा जायचा नाही की कुणाचा ना कुणाचा घोळणा फुटला नाही. दूर्वा स्वच्छ धुऊन वाटायच्या आणि रसाचे दोन-दोन थेंब नाकात सोडायचे. डाळिंबाच्या फुलांचा रसही चालतो. सकाळी भिजवलेला सब्जा, रात्री गुलकंद दूध, उन्हात जाताना खिशात कांदा. कैरीचं पन्हं दे. तुझ्या सासूबाई जे सांगतात ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे, त्यांना दुखवू नकोस.

अनिरुद्ध_एडमंटन
३ मे, सकाळी ७:२०

हे उष्णतेचं प्रकरण मला कायम कोड्यात टाकतं कारण आमच्या मुलाला हे सगळं उणे तीसमध्ये होतं. इकडे नोव्हेंबर ते मार्च घरात हीटिंग चालू, हवा एवढी कोरडी की लोकरीची टोपी काढली की केस उभे राहतात आणि बोटांना करंट बसतो. त्याच महिन्यांत घोळणा फुटणार, उन्हाळ्यात एकदाही नाही. आई इकडे आली होती तेव्हा तिने पण त्याला "अंगात उष्णता आहे" म्हणून सब्जा दिला, बाहेर फूटभर बर्फ! इकडच्या डॉक्टरांनी साधं सांगितलं, हवा कोरडी आहे, नाक आतून वाळतंय, फुटतंय. खोलीत ह्युमिडिफायर ठेवला, रात्री झोपताना नाकपुडीच्या आत पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवायला लागलो, महिन्याभरात फरक पडला. म्हणजे चंद्रपूर असो नाहीतर एडमंटन, कोरडेपणा हाच दुवा असावा.

शिरीष_काननाकघसा
३ मे, दुपारी २:४५

ओपीडी उरकून आत्ता बघतोय. मी सोलापूरला कान-नाक-घसा बघतो, एप्रिल-मे मध्ये रोज दोन-तीन तरी अशी मुलं येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सायलीताई, आधी उलटीचं, कारण भीती त्याचीच बसलीये. मान मागे टाकली की रक्त थांबत नाही, ते फक्त दिसेनासं होतं. घशातून पोटात जातं, पोटाला रक्त सोसत नाही, मळमळतं आणि उलटी होते. उद्या-परवा शी काळी झाली तरी ते याच गिळलेल्या रक्ताने असेल. आणि आडवं पडलेल्या लहान मुलाच्या श्वासात रक्त जाऊन ठसका लागू शकतो, हा खरा धोका. त्यामुळे मान मागे टाकणं, आडवं झोपवणं हे सगळ्यात आधी बंद.

रक्त येतं कुठून? दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो त्याच्या पुढच्या टोकाशी, म्हणजे मुलाचं बोट जिथे सहज पोचतं तिथेच, चार-पाच रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या एकत्र येतात. आम्ही त्याला लिटल्स एरिया म्हणतो. वरची त्वचा कागदासारखी पातळ. हवा कोरडी झाली, सर्दी झाली, ॲलर्जीने नाक चोळलं, की तिथे खपली धरते, खपली खाजते, मूल झोपेत बोट घालतं, खपली निघते आणि रक्त. मुलांचा घोळणा बहुतेक वेळा इथलाच असतो आणि इथलं रक्त बाहेरून दाबून थांबवता येतं, ही आपल्यासाठी फार मोठी सोय आहे.

दाबायचं असं. मुलाला मांडीवर किंवा खुर्चीत सरळ बसवा, कमरेतून थोडं पुढे, समोर वाटी किंवा टॉवेल. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही नाकपुड्या एकदम बंद, आणि घड्याळ लावून सलग १० मिनिटं. तोंडाने श्वास घ्यायला सांगा, तोंडात रक्त आलं तर थुंकायला सांगा, गिळायचं नाही. मधे "थांबलं का बघू" म्हणून बोट काढायचं नाही, दर मिनिटाला सोडलं की धरत आलेली गुठळी निघून येते आणि आपण परत पहिल्यापासून. १० मिनिटांनी चालूच असेल तर अजून १०. तरी नाही थांबलं, किंवा धार लागलीये, मूल पांढरं पडलंय, गळून गेलंय, डोक्याला मार लागून रक्त येतंय, तर वाट बघू नका, नाक धरूनच हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८.

नाकात कापूस कोंबू नका, काढताना खपली घेऊनच बाहेर येतो. गार पट्टी नाकावर ठेवलीत तर हरकत नाही, पण त्यासाठी दाबायचा हात सोडू नका.

कूलर बंद करायची गरज नाही. कूलरची हवा ओलसर असते, कोरडी करतो तो एसी. तुमच्याकडे दिवसभराचं कोरडं ऊन नाक वाळवतं. पण गेल्या वर्षीचं गवत तसंच असेल तर त्यातली धूळ आणि बुरशी काही मुलांना त्रास देते, तेवढं बदला आणि वाऱ्याचा झोत थेट तोंडावर नको.

आजी, तुमच्या वयाचा आणि अनुभवाचा मान ठेवून सांगतो, पन्हं, सब्जा, गुलकंद खुशाल द्या, उन्हाळ्यात अंगात पाणी राहणं चांगलंच. पण नाकात रस सोडू नका. कच्च्या पाल्याचा रस निर्जंतुक नसतो, आणि रडणाऱ्या मुलाच्या नाकात थेंब टाकला की तो खाली श्वासात जाऊ शकतो. घोळणा पुष्कळदा पाच-दहा मिनिटांत आपला आपणच थांबतो, त्यामुळे त्या वेळात जे केलं त्याला श्रेय जातं.

आजीची_गोधडी
३ मे, संध्याकाळी ७:०५

डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. खरं असेल. आम्हाला तेव्हा असं बसवून समजावणारं कुणी नव्हतं, जे सासूने केलं ते आम्ही केलं. माझ्या मधल्याला ठसका लागून तो निळा पडला होता एकदा, पाठीत थोपटलं तेव्हा श्वास लागला. तेव्हा वाटलं घोळणा फार जोराचा होता म्हणून. आज इतक्या वर्षांनी कळलं की मान मागे टाकली होती म्हणून.

सायली_चंद्रपूर
६ मे, सकाळी ९:१५

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री परत फुटला आणि या वेळी मी ओरडले नाही, एवढं तरी जमलं. पण डॉक्टर, मी १० मिनिटं धरूनही थांबत नव्हतं, बोटांमधून गळतच होतं, शेवटी पंचवीस मिनिटांनी थांबलं. मी नाक अगदी घट्ट धरलं होतं, चष्मा बसतो ना तिथे. काही चुकतंय का?

शिरीष_काननाकघसा
६ मे, सकाळी ९:४०

तिथेच चुकतंय, आणि दहातले सात-आठ जण माझ्यासमोर हेच करून दाखवतात. चष्मा बसतो तिथे हाड आहे. हाड कितीही दाबलं तरी आतल्या पडद्यावर दाब पडत नाही.

आत्ता स्वतःच्या नाकावर करून बघा. भुवयांच्या मधून बोट खाली आणा. आधी कडक लागेल, ते हाड. मग एकदम मऊ, हलणारा भाग सुरू होईल, दुर्गंधी आली की आपण जिथे नाक धरतो तो. तिथे धरायचं. नीट धरलंय याची खूण अशी की "मामा" म्हणायला लावलं तर ते "बाबा"सारखं ऐकू येतं, नाकातून हवा अजिबात जात नाही.

आणि २० मिनिटांच्या पुढे गेलं तर पुढच्या वेळी थेट दवाखाना. चार वेळा झालंय, या आठवड्यात एकदा तपासून घ्याच. रक्ताचा साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, पण करून घ्या.

ओवीची_आई
६ मे, सकाळी १०:०२

दहा मिनिटं चार वर्षांच्या मुलाला धरून ठेवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आम्ही ओवीला आरशासमोर बसवत नव्हतो, रक्त दिसलं की ती बिथरायची. गडद रंगाचा टॉवेल वापरायचा, मरून किंवा काळा, त्यावर लाल दिसत नाही. मी पाठीमागून मिठी मारल्यासारखी बसायचे, माझी हनुवटी तिच्या डोक्यावर, आणि कानात गोष्ट, चिऊकाऊची गोष्ट मेणाचं घर बांधण्यापासून सुरू केली की बरोबर दहा मिनिटं ओढता येते, काऊ दार वाजवतो, चिऊ म्हणते थांब माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, मग पावडर, मग टीट, मग अंगडं, मग टोपडं, जेवढा वेळ हवा तेवढी कामं वाढवायची. पुढे पुढे ती स्वतःच "आई चिऊ" म्हणायची नाक फुटलं की.

मृण्मयी_क
७ मे, दुपारी १२:३०

या धाग्यावरच विचारते. माझी मुलगी १३ महिन्यांची आहे. परवा आणि आज, दोनदा उजव्या नाकपुडीतून थोडं रक्त आलं, ओघळ गालापर्यंत. पडलेली नाही. थोडी सर्दी आहे. आमच्याकडे मालिशवाल्या मावशी रोज अंघोळीआधी नाकात कोमट खोबरेल तेलाचे थेंब सोडतात. गूगलवर वाचून डोकं फिरलंय. इतक्या लहान बाळालाही असंच दाबायचं का?

शिरीष_काननाकघसा
७ मे, दुपारी १:१०

मृण्मयीताई, दाबायचं तसंच, बाळाला उभं मांडीवर घेऊन, हलक्या हाताने. पण तुमच्या बाबतीत वाट बघू नका, आज संध्याकाळीच बाळाच्या डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षांच्या आतल्या बाळांचा घोळणा सहसा फुटत नाही. ती अजून नाकात बोट घालायच्या वयाची नाही, त्यामुळे कारण शोधायलाच हवं. बहुतेक वेळा सर्दी, नखाचा ओरखडा असंच काही निघतं, पण रक्त गोठण्याचा काही दोष आहे का, अंगावर जांभळे डाग आहेत का, कुठे मार लागलाय का हे डॉक्टरांनी स्वतः बघायला पाहिजे. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, नाळ पडताना जास्त रक्त आलं होतं का, लसीच्या जागी टणक काळानिळा गोळा आला होता का हे आठवून जा, डॉक्टर विचारतील.

आणि तेल आजपासून बंद. बाळाच्या नाकात सोडलेलं तेल खाली फुप्फुसात उतरू शकतं, फुप्फुस ते सहज बाहेर टाकू शकत नाही, त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो लवकर बरा होत नाही. मावशींना वाईट वाटेल, पण डॉक्टरांनी नाही सांगितलंय म्हणा. मालिश करू द्या, कानात-नाकात काही नको. सर्दीसाठी सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे ड्रॉप पुरतात.

हर्षद_ठाणे
७ मे, रात्री १०:२०

एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा म्हणून सांगतो. आमच्या मुलाला तीन वर्षांचा असताना फक्त डाव्या नाकपुडीतून कधी रक्त, कधी हिरवट शेंबूड, आणि तोंडाजवळ गेलं की घाण वास. आम्ही दोन आठवडे सर्दीचं औषध देत बसलो, दातांचा वास असेल म्हणून ब्रश बदलला. शेवटी ईएनटीने, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली तर आत फोमचा तुकडा, सोफ्याच्या फाटक्या उशीतला. काढताना जो वास आला तो मी अजून विसरलेलो नाही. एकाच बाजूने आणि वास येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असंच समजा. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, आम्ही गेलो आणि अजून आत ढकललं.

शिरीष_काननाकघसा
७ मे, रात्री १०:४५

याला जोडून एकच. खेळण्यातली, रिमोटमधली चपटी बटण बॅटरी नाकात गेलीये अशी नुसती शंका आली तरी त्याच तासाला निघायचं, सकाळची वाट नाही. ती नाक आतून जाळते, काही तासांत पडद्याला भोक पडू शकतं.

केतकी_व
९ मे, दुपारी ४:०५

दोन दिवस लिहू की नको करत होते. लिहिते, कारण मला हे कुणी तीन वर्षं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तीन वर्षांची असल्यापासून घोळणा फुटायचा. महिन्यातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास, चाळीस मिनिटं. उन्हाळा, पावसाळा, थंडी, काही फरक नाही. सगळ्यांनी उष्णता सांगितली. मी पण मानलं. आंबा बंद, अंडी बंद, तीळ-गूळ बंद. संक्रांतीला ती बिचारी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ द्यायची आणि स्वतः खायची नाही, "मला रक्त येतं ना" म्हणायची. ते आठवलं की आजही पोटात तुटतं. पायांवर कायम निळे डाग, आम्ही म्हणायचो दंगेखोर आहे, आपटते. सीबीसी केला होता, प्लेटलेट नॉर्मल. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या टेस्ट पण नॉर्मल. म्हणून सगळे निर्धास्त.

मग सहाव्या वर्षी दुधाचा दात पडला आणि हिरडीतून रक्त दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबेना. त्या दिवशी ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी मुलीकडे नंतर बघितलं, आधी मला विचारलं, तुमची पाळी कशी असते? मी म्हटलं जास्त असते, पहिल्यापासून, माझ्या आईलाही तशीच होती, आमच्या घरात तसंच आहे. किती दिवस? आठ-नऊ. रात्री उठून बदलावं लागतं का? हो. बाळंतपणात रक्त चढवावं लागलं का? हो, दोन बाटल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, तुम्हा दोघींची टेस्ट करूया.

व्हॉन विलेब्रँड डिसीज निघाला. दोघींना. रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन कमी असतं, जन्मतः, घराण्यात चालत येतं. रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारांत हाच सगळ्यात जास्त आढळतो असं त्यांनी सांगितलं, आणि नेहमीच्या टेस्ट नॉर्मल येऊ शकतात, त्याची वेगळी तपासणी मागावी लागते. आमचा सौम्य प्रकार आहे. आता घोळणा फुटला की दाबायचं आणि जास्त वेळ गेला तर ट्रॅनेक्सामिक ॲसिड हे रक्त थांबवायचं औषध, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलंय. दात काढायचा असेल, कुठलं ऑपरेशन असेल तर आधी सांगायचं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घरात आणायचंच नाही. बाकी ती सायकल चालवते, पोहते, आणि गेल्या संक्रांतीला तिने एकटीने सहा लाडू खाल्ले.

तर एवढंच की, घोळणा अर्ध्या तासाच्या वर चालत असेल, पुन्हा पुन्हा होत असेल, अंगावर कारण नसताना डाग असतील, आणि आई, मावशी, आजी यांच्या पाळीत फार रक्त जात असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आपल्याकडे पाळीचं मुलाच्या डॉक्टरांना कोण सांगतं? मी तीन वर्षं नाही सांगितलं. मला तो संबंधच माहीत नव्हता.

आजीची_गोधडी
९ मे, संध्याकाळी ५:३०

केतकी, वाचता वाचता डोळे भरून आले गं. माझ्या धाकट्या बहिणीचं असंच होतं, लग्नानंतर अंगावरून जाऊन जाऊन पिवळी पडली होती. तिची नात आता सात वर्षांची आहे आणि तिचाही घोळणा फुटतो. आज रात्रीच फोन करते.

निलेश_नाशिक
१० मे, सकाळी ८:४०

मोठी पोस्ट नाही. पावसाळा आला की लक्षात असू द्या, ताप आणि घोळणा एकत्र आला तर आधी डेंग्यू बघा. आमच्या पुतण्याचा ताप चौथ्या दिवशी उतरला, आम्ही खूश, आणि त्याच संध्याकाळी नाकातून रक्त आणि पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठली गोळी मेडिकलवाल्याला विचारून देऊ नका.

शिरीष_काननाकघसा
१० मे, रात्री ९:१५

निलेशरावांनी योग्य सांगितलं. अजून एक, अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, काचेचा पेला दाबून बघितला तरी न जाणारे, हिरड्यांतून रक्त, मूल फिक्कट, वजन घटतंय, बरेच दिवस बारीक ताप, यातलं काहीही घोळण्याबरोबर असेल तर त्याच दिवशी रक्त तपासा. आणि दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलग्यांना एकाच बाजूने नाक कायम बंद आणि भरपूर रक्त असं असेल तर ईएनटीला दाखवल्याशिवाय सोडू नका, त्या वयात नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. क्वचित असते, पण उशिरा सापडली की अवघड जातं.

केतकीताई, तुमची पोस्ट माझ्या ज्युनिअर मुलांना वाचायला देतोय. पाळीचा प्रश्न आमच्याकडूनही राहून जातो.

मृण्मयी_क
११ मे, सकाळी ११:००

अपडेट. त्याच दिवशी दाखवलं. प्लेटलेट आणि गोठण्याच्या टेस्ट नॉर्मल आल्या, अंगावर कुठे डाग नाही. सर्दीने आत खपली होती आणि बाजूला बारीक ओरखडा, डॉक्टर म्हणाल्या बहुतेक शेंबूड काढताना सुती कापडाची वात फिरवता ना, त्याने. मीच फिरवत होते. बंद केलं. महिन्याने परत बोलावलंय, मधे आलंच तर लगेच. मावशींना तेलाचं सांगितलं, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, आज म्हणाल्या अजून तीन घरी सोडते तेल, तिथे पण बंद करू का?

सायली_चंद्रपूर
१९ मे, रात्री ९:३०

नागपूरला ईएनटीना दाखवून आलो. हिमोग्लोबिन ११.२, प्लेटलेट नॉर्मल. दोन्ही बाजूंना खपल्या आहेत, डावीकडे एक बारीक शीर वर आलेली दिसते, मला स्क्रीनवर दाखवली, धाग्याएवढी. आता लगेच काही करायचं नाही म्हणाले. सलाइन दिवसातून तीन वेळा, रात्री मलम, मुगाच्या दाण्याएवढं, बोटावर घेऊन नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं आणि वरून नाक हलकं चोळायचं म्हणजे आत पसरतं, काडी आत घालायची नाही. चार-सहा आठवड्यांनी तरी थांबलं नाही तर त्या शिरेवर सिल्व्हर नायट्रेटची काडी लावून बंद करतात, ओपीडीतच होतं. ॲलर्जी पण निघाली, सारखं तळहाताने नाक वर घासतो ना तो, त्यासाठी स्प्रे दिलाय. स्प्रे मारताना नोझल मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर, डोळ्याच्या कोपऱ्याकडे, आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे आपोआप बाहेर जातं. हे मला आधीच्या कुणी सांगितलंच नव्हतं, आधीचा स्प्रे मी सरळ मधे मारत होते.

कूलरचं गवत नवऱ्याने बदललं, जुनं काढलं तेव्हा त्यातून जी काळी भुकटी पडली ती बघून मलाच शिंका आल्या. नखं दर तीन दिवसांनी कापते.

आणि आई. त्या आधी रुसल्या होत्या, त्यांना वाटलं मी त्यांचं सगळं मोडीत काढतेय. मग मी त्यांना आजींची पोस्ट वाचून दाखवली, ती ठसक्याची. त्या काही बोलल्या नाहीत. तेरा तारखेला मी आंघोळीला गेलेले असताना फुटला, बाहेर आले तर आई पाटावर, तो त्यांच्या मांडीत पुढे वाकलेला, त्यांनी बरोबर मऊ भाग धरलेला, दुसऱ्या हाताने पदराने त्याची हनुवटी पुसतायत आणि समोर मोबाइलवर घड्याळ लावलेलं. मला बघून म्हणाल्या, "सात झाले, तीन राह्यले, तू बोलू नको." कांदा होताच, पण बाजूला ताटलीत.

आजीची_गोधडी
१९ मे, रात्री ९:५०

त्यांना माझा नमस्कार सांग.

ओवीची_आई
२० मे, सकाळी ७:१५

किती छान गं. एक राहिलं सांगायचं, थांबल्यावर तो दिवस गरम पाण्याची आंघोळ, उड्या, कुस्ती, जोरात नाक शिंकरणं नको. नाहीतर संध्याकाळी परत. आणि शाळा सुरू झाली की बाईंना सांग, आमच्याकडे शाळेत झोपवून ठेवलं होतं ओवीला बाकावर.

सायली_चंद्रपूर
४ जुलै, दुपारी १:२०

शाळा सुरू झाली सोमवारी. पहिल्याच दिवशी बाईंना भेटले, त्या म्हणाल्या आम्ही आडवं करतो आणि डोक्यावर पाणी मारतो. मी त्यांना स्वतःच्या नाकावर कुठे धरायचं ते दाखवलं, त्यांनी पण स्वतःचं धरून बघितलं, "मामा" म्हणून बघितलं, शेजारच्या वर्गातल्या बाई पण आल्या. दप्तरात एक मरून नॅपकिन आणि वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहून ठेवल्यात.

जूनमध्ये दोनदाच फुटला होता. आज सकाळी साडेअकराला बाईंचा फोन. स्क्रीनवर नाव बघून पोटात गोळाच आला. म्हणाल्या, फुटला होता, धरलं दहा मिनिटं, थांबला, काळजी करू नका, आता डबा खातोय.